घरच्या घरी अद्‌भुत: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

परीक्षा संपल्या, आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली, आणि दुपारी बारानंतर घराबाहेर पाय टाकवत नाही. या महिन्यातली बरीचशी पत्रं अद्‌भुत कादंबऱ्या, तसे सिनेमे आणि ते घरी नीट कसे वाचावेत-बघावेत याबद्दलची आहेत. म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

अंगठीच्या कथेचे तिन्ही सिनेमे पाहिले आणि वेड लागलं. आता पुस्तकाचा पहिला खंड आणला आहे, पण पन्नास पानं झाली तरी कथा हलत नाही आणि नावं लक्षात राहत नाहीत. अशा कादंबऱ्यांची सुरुवात कुठून करावी?
— रेल्वे कर्मचारी, भुसावळ

टॉल्किनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही तीन कादंबऱ्यांची मालिका नाही. ती एकच प्रदीर्घ कादंबरी आहे. १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत छापली गेली आणि आतून तिचे सहा भाग आहेत. म्हणून पहिल्या खंडाला स्वतंत्र शेवट नाही आणि सुरुवातही इतकी सावकाश आहे. सिनेमात अंगठी हाती येते आणि नायक जणू लगेच निघतो. पुस्तकात मधे सतरा वर्षं जातात. सिनेमाचा वेग मनात ठेवून पान उलटलं की असं अडखळायला होतंच.

प्रस्तावनेसारखं जे पहिलं प्रकरण आहे, ज्यात हॉबिटांच्या, म्हणजे या कथेतल्या बुटक्या लोकांच्या, चालीरीती आणि त्यांची तंबाखू यांचं वर्णन येतं, ते आत्ता सोडून द्या. कादंबरी संपल्यावर तेच पुन्हा उघडलंत तर फार गोड वाटेल. त्याहून चांगला मार्ग म्हणजे हा खंड बाजूला ठेवून आधी ‘हॉबिट’ (१९३७) वाचणं. एकोणीस प्रकरणं, एकच नायक, जायची आणि परत यायची एकच वाट. अंगठी कुठून आली तेही त्यातच कळतं, त्यामुळे मोठ्या कादंबरीची पहिली शंभर पानं एकदम हलकी होतात. दोन्हींचे मराठी अनुवाद झाले आहेत. मोठ्या कादंबरीचा अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आहे.

आता नावांबद्दल. या कादंबऱ्यांत एकाच माणसाला दोन-तीन नावं असतात. रानात भेटतो तेव्हा एक, राजवाड्यात दुसरं. पोस्टकार्डाएवढा जाड कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवा. एखादं नाव तिसऱ्यांदा आलं तरच त्यावर उतरवा: नाव, दुसरं नाव, कोणाचा कोण, कुठे भेटला. पहिल्या भेटीलाच सगळी लिहायला बसलात तर कार्ड भरून जाईल आणि त्यातली अर्धी माणसं पुढे येणारच नाहीत. नकाशाची झेरॉक्स काढून पुस्तकाबाहेर ठेवा आणि पेन्सिलीने वाट ओढत जा. मागे-पुढे पानं उलटण्यात जे लक्ष तुटतं ते वाचतं. मधली गाणी नुसत्या डोळ्यांनी वाचू नका, ओठ हलवून वाचा. तरीही नाही रुचली तर पहिल्या वाचनात खुशाल ओलांडा. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एक मोठी सभा भरते. तिथपर्यंत पोचूनही मन रमलं नाही, तर हे पुस्तक आत्ता तुमच्यासाठी नाही असं समजून थांबायला काही हरकत नाही.

आपल्याकडचं वाचायचं असेल तर नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) घ्या. भाषा जुन्या वळणाची आहे, वाक्यं लांब आहेत, पण वीसेक पानांत कानाला सवय होते. भुसावळ-रावेर पट्ट्यात हिंदी सहज वाचणारे पुष्कळ आहेत. त्यांना देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ (१८८८) सुचवू. ऐयार (वेष बदलणारे चतुर हेर), तिलिस्म (जादूचे भूलभुलैये), भुयारं, वेषांतरं, सगळं काही त्यात आहे. ती आटोपशीर आहे. तिच्या पुढची ‘चंद्रकांता संतती’ मात्र चोवीस भागांची आहे, तेव्हा हात घालण्यापूर्वी विचार करा.

नार्नियाचा सात पुस्तकांचा संच भेट मिळाला. त्यावर छापलेला क्रम एक आणि आमच्या शाळेच्या ग्रंथपालांनी सांगितलेला दुसरा. खरा कोणता?
— शिक्षिका, चोपडा

ग्रंथपालांचं ऐका. ही पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झाली. नंतरच्या आवृत्त्यांत कथेतल्या काळानुसार आकडे घातले गेले, त्यामुळे १९५५ साली सहावं म्हणून आलेलं पुस्तक पहिलं झालं. पण त्या पुस्तकाची निम्मी गंमत ‘अच्छा, हे असं झालं होतं तर!’ या ओळखीत आहे, आणि ओळख पटायला आधीची पुस्तकं वाचलेली हवीत. कपाटातून बर्फात जाणारी गोष्ट, म्हणजे १९५० चं पुस्तक, मुलांच्या हातात आधी द्या.

हाच नियम इतर मालिकांनाही लावा. पूर्वकथा नंतर लिहिली गेली असेल तर ती नंतरच वाचावी. लेखकाने ज्या क्रमाने रहस्य उघडलं, त्याच क्रमाने ते उघडू द्यावं.

वय बेचाळीस. रात्री जेवणं झाली की तासभर राक्षस, जादूगार, उडते घोडे वाचतो. घरात सगळे म्हणतात, हे पोरासोरांचं. आपण काय म्हणाल?
— कापूस व्यापारी, साक्री

आपल्याकडे ही वाचनं कधीच फक्त पोरासोरांची नव्हती. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला तो काश्मीरच्या राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी. विद्याधर, वेताळ, उडणारी यंत्रं, सगळं एका प्रौढ राणीला ऐकवण्यासाठी. त्याचं मूळ म्हणजे गुणाढ्याची ‘बृहत्कथा’. परंपरा सांगते की सातवाहनांच्या प्रतिष्ठानातल्या, म्हणजे आपल्या पैठणातल्या, दरबारात असलेल्या गुणाढ्याने ती ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत लिहिली. राजाने ती नाकारली तेव्हा गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचलेलं पान आगीत टाकू लागला. जनावरं चरणं विसरून ऐकत राहिली. घरच्यांना हीच गोष्ट एका रात्री मोठ्याने वाचून दाखवा. ‘कथासरित्सागर’चे मराठी अनुवाद वाचनालयांत मिळतात आणि ही कथा अगदी आरंभीच्या भागात आहे. आम्ही तुमच्या बाजूने आहोत. तो तास सोडू नका.

दोन नातवंडं सुटीत येणार आहेत, एक सहा वर्षांचं, एक दहाचं. रोज रात्री वाचून दाखवायचं ठरवलं आहे. पण मागच्या वर्षी धाकटं पाच मिनिटांत झोपायचं, थोरलं कंटाळायचं आणि माझा घसा बसायचा. शिवाय पुस्तकी मराठी त्यांना परकी वाटते, घरात आम्ही अहिराणी बोलतो.
— एक आजोबा, यावल

आबा, पत्र वाचून फार बरं वाटलं. तीन गोष्टी वेगवेगळ्या सोडवाव्या लागतील.

पहिली वेळेची. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १२० शब्द हा सुखाचा वेग. मराठी पुस्तकाच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात, म्हणजे एका पानाला दोन-अडीच मिनिटं लागतात. सहा वर्षांच्या मुलाचं लक्ष पंधरा मिनिटं टिकतं, दहाच्या मुलाला अर्धा तासही पुरत नाही. म्हणून एकच बैठक दोघांना लावू नका. जेवणाआधी, धाकटं ताजं असताना, सहा-सात पानांची सुटी परीकथा. जेवणानंतर अंगणात खाटा टाकल्या की थोरल्यासाठी चालू कादंबरी. धाकटं तिथं झोपी गेलं तर जाऊ द्या, त्याची गोष्ट झालेली आहे. पुस्तक निवडताना प्रकरणाची लांबी आधी मोजा. नार्नियाच्या पहिल्या पुस्तकाची सतरा प्रकरणं आहेत आणि एकेक पंधरा-वीस मिनिटांत होतं. ‘हॉबिट’चं एक प्रकरण पाऊण तास खातं, तेव्हा ते दोन रात्रींत विभागा. प्रकरण संपवून थांबायचं हा हट्टही नको. दार वाजलं, कोण आहे ते अजून कळलं नाही, तिथे थांबलात तर उद्या मुलं स्वतःहून पुस्तक घेऊन येतील.

दुसरी घशाची. घसा बसतो तो उंच आवाजात वाचल्यामुळे आणि उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेमुळे. राक्षसाचा आवाज मोठा नसतो, सावकाश असतो. हळू आणि खालच्या पट्टीत वाचला की मुलं जास्त घाबरतात आणि घशाला त्रास होत नाही. कोमट पाण्याचा तांब्या जवळ ठेवा, दर दोन पानांनी घोट घ्या. वाचायच्या आधी माठातलं गार पाणी टाळा. अंगणात वाचताना दिवा तुमच्या डाव्या खांद्यामागे असू द्या, मुलांच्या डोळ्यांवर नको.

तिसरी भाषेची, आणि तीच सगळ्यात आनंदाची. निवेदन पुस्तकातल्या मराठीतच वाचा, संवाद मात्र अहिराणीत उतरवा. सगळ्यांचे नको. गावाकडचे, शेतातले, खाण्यापिण्यावर जीव असलेले जे आहेत ते अहिराणी बोलतील. राजे, ऋषितुल्य जादूगार, हजार वर्षं जगलेले लोक ग्रंथातली मराठी बोलतील. मूळ लेखकांनीही हेच केलेलं असतं. ‘हॉबिट’मध्ये शेकोटीभोवती भांडणारे तीन अवाढव्य राक्षस इंग्रजीत लंडनच्या गल्लीबोळातली भाषा बोलतात. तुमच्या अंगणात त्यातला एक दुसऱ्याला ‘काय करी राहिना रे?’ म्हणून डाफरला, तर ते मूळ पुस्तकाच्या जवळच जाणारं होईल. यासाठी दुपारी ते प्रकरण एकदा डोळ्यांखालून घाला आणि ज्या ओळी बदलायच्या त्यांच्यासमोर पेन्सिलीने टिंब द्या. ऐनवेळी जुळवत बसलं की वाचन अडखळतं आणि मुलं उठून जातात.

४३ इंची टीव्ही आहे. अद्‌भुत सिनेमांत निम्मे प्रसंग रात्रीचे किंवा गुहेतले, आणि पडद्यावर नुसता काळोख. त्यात कूलरच्या आवाजात संवाद ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला की लढाईत शेजारी येतात.
— बँक कर्मचारी, धुळे

टीव्ही बदलायचा विचार करत असाल तर थांबा. आधी सेटिंग बघा.

टीव्ही बहुधा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ चित्रपद्धतीवर असेल. दुकानातल्या झगझगाटात उठून दिसावा म्हणून ती असते, आणि तिच्यात गडद छटा एकमेकींत मिसळतात. ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ निवडा. मग ऊर्जाबचतीचा ‘इको’ पर्याय आणि खोलीतल्या उजेडानुसार चित्र मंद करणारा सेन्सर बंद करा. अंधारात बसलं की तोच सेन्सर चित्र आणखी काळं करतो. यानंतर ब्राइटनेस एकेक पायरी वाढवत जा. काळा घोडा किंवा काळे केस असलेलं दृश्य थांबवून ठेवा. केसांच्या बटा सुट्या दिसू लागल्या, पण चित्राच्या वर-खालच्या पट्ट्या अजून काळ्याच आहेत, तिथे थांबा. पट्ट्या राखाडी झाल्या म्हणजे एक पायरी जास्त झालं. त्या पट्ट्या घालवायला चित्र ताणू नका, सिनेमा तितक्याच रुंदीचा बनवलेला असतो आणि ताणलं की दोन्ही कडांची माणसं कापली जातात.

आणखी एक गोष्ट: सिनेमे सेकंदाला २४ चौकटींचे असतात. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालतो आणि भव्य सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशी कंपनीगणिक त्याची नावं आहेत. ते बंद करा. अद्‌भुत सिनेमाचं यानं सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण खोट्या दाढ्या आणि रंगवलेले डोंगर लगेच उघडे पडतात.

एवढं करूनही गुहेच्या भिंतींवर चौकोनी ठिपके दिसत असतील तर दोष टीव्हीचा नाही, इंटरनेटचा आहे. वेग कमी पडला की सगळ्यात आधी गडद भागातला तपशील कापला जातो. अॅपमध्ये डाउनलोडची सोय असेल तर सकाळी उतरवून ठेवा आणि रात्री बघा. ४३ इंची पडद्यापासून दीड-पावणेदोन मीटरवर बसा. आपल्या बैठकीच्या खोल्यांत सोफा भिंतीला टेकलेला असतो आणि अंतर तीन मीटरांच्या वर जातं, तिथून रात्रीचं दृश्य कधीच नीट दिसणार नाही. सतरंजी पुढे टाका.

आवाजाचं मूळ वेगळं आहे. या सिनेमांचा ध्वनी पाच-सहा स्पीकरांसाठी मिसळलेला असतो आणि संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. टीव्हीला तो मधला स्पीकर नसतो. म्हणून अॅपमध्ये ५.१ ऐवजी ‘स्टिरिओ’ निवडा आणि टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ ठेवा. मग ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू करा. यानं कुजबुज वर येते आणि तलवारींचा खणखणाट खाली. शेजाऱ्यांचा प्रश्न बहुतेक इथेच सुटेल. टीव्ही भिंतीवर असेल तर त्याचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. कानाच्या उंचीवर ठेवलेला साधा साउंडबारही मोठा फरक पाडतो.

कूलर बंद करा असं धुळ्याच्या मे महिन्यात आम्ही म्हणणार नाही. सिनेमाच्या तासभर आधी तो पूर्ण वेगाने चालवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली दमट होते आणि गारवा लागत नाही. सिनेमा सुरू झाला की वेग कमी करा. कूलर तुमच्या पाठीमागच्या खिडकीत आणि टीव्ही समोर, अशी रचना ठेवा. टीव्ही आणि कूलर एकाच बाजूला असले की दोन्ही आवाज एकाच दिशेनं येतात आणि कानाला ते वेगळे करता येत नाहीत. उन्हाच्या खिडकीवर जुनी गोधडी टांगा, उजेड आणि ऊन दोन्ही अडतात.

आखाजीच्या सुटीत गच्चीवर प्रोजेक्टर लावायचा आहे. जाहिरातीत दहा हजार ल्युमेन (उजेडाचं माप) लिहिलेले स्वस्तातही मिळतात. काय बघावं? वीज गेली तर?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, शिरपूर

जाहिरातीतल्या त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. माहितीपत्रकात ‘एएनएसआय ल्युमेन’, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेला उजेड, किती आहे ते शोधा. तो आकडा दिलेलाच नसेल तर घेऊ नका. पूर्ण अंधारात ८० इंची चित्रासाठी ३०० एएनएसआय चालतात, १०० इंचीसाठी ५०० च्या पुढे हवेत. दुसरा आकडा ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’. ‘४के सपोर्टेड’ याचा अर्थ एवढाच की तो ४के फाइल वाचतो. दाखवताना ७२० वर आणून दाखवत असेल. नेटिव्ह १०८० असलेला घ्या.

१०० इंची चित्र २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ उंच असतं. माहितीपत्रकातला ‘थ्रो रेशो’ १.२ असेल तर रुंदीला १.२ ने गुणा: २.६५ मीटर. पडद्यापासून तेवढ्या अंतरावर प्रोजेक्टर ठेवायचा. तो पडद्यासमोर सरळ ठेवा. तिरपा ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र चौकोनी केलं की कडेची अक्षरं पुसट होतात.

पडद्यासाठी जाड पांढरी चादर, तिच्या पाठीमागे काळं किंवा गडद कापड. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो आणि चित्र फिकं पडतं. खालच्या शिवणीत पीव्हीसी पाइप घाला आणि चारही कोपरे बांधा, नाहीतर तापीकाठचा संध्याकाळचा वारा सगळा सिनेमा हलवून टाकेल. सहा वाजता गच्चीवर पाणी मारा, पण वायरी टाकण्याआधी फरशी कोरडी झाली आहे ना ते हात लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड विटेवर ठेवा. साडेसातच्या आत पडद्यावर काही दिसणार नाही, तोवर जेवणं उरका. बहुतेक घरगुती प्रोजेक्टरांना भोवतालच्या हवेची ३५ ते ४० अंशांची मर्यादा असते आणि मे महिन्यात आपल्याकडे रात्री नऊलाही हवा त्या आसपास असू शकते. म्हणून दिवसभर तापलेल्या कठड्यावर तो ठेवू नका, लाकडी स्टुलावर ठेवा आणि हवेच्या जाळ्यांभोवती फूटभर जागा मोकळी सोडा. चालू असताना मधेच बंद पडला तर बहुधा तापलाच असेल, वीस मिनिटं थांबा.

स्पीकर ब्लूटूथऐवजी वायरीने जोडा. ब्लूटूथवर आवाज क्षणभर मागून येतो आणि ओठ आधी हलतात. रात्री दहानंतर आवाज घरापुरता.

विजेचं गणित सोपं आहे. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. हाती हजारच धरा, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. प्रोजेक्टर १०० वॉट, स्पीकर २०, टेबल फॅन ५०. एकूण १७०. म्हणजे नव्या बॅटरीवर पाच-सहा तास. एक सिनेमा आरामात होतो. त्याच इन्व्हर्टरवर खाली कूलरही चालू असेल तर मात्र शेवटची लढाई बघायची राहून जाईल.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सिनेमाचे तिन्ही भाग एकाच दिवसात, विस्तारित आवृत्तीत. जमेल का? खायला काय ठेवावं?
— चार मैत्रिणी, जळगाव

जमतं, पण आखाजीच्या दिवशी करू नका. त्या दिवशी झोका, गाणी आणि माहेरी आलेल्या लेकी आहेत, त्यात बारा तास पडद्यासमोर कोणी बसू देणार नाही. नंतरचा रविवार घ्या. चित्रगृहातल्या आवृत्त्या १७८, १७९ आणि २०१ मिनिटांच्या, म्हणजे सव्वानऊ तास. विस्तारित आवृत्त्या मिळून सुमारे साडेअकरा. मधल्या सुट्या धरून विस्तारितला चौदा तास लागतात: सकाळी सातला सुरुवात, रात्री नऊला शेवट. भाग संपल्यावरच उठायचं असं ठरवू नका, तिसऱ्या भागापर्यंत पाठी आखडतात. प्रत्येक भागाच्या साधारण मध्यावर पंधरा मिनिटं द्या. पहिल्यात मोठ्या सभेत नऊ जणांची टोळी ठरते ती जागा उत्तम आहे.

जेवण पडद्यासमोर नको. शेवभाजीला दोन्ही हात आणि पूर्ण लक्ष लागतं, भरीत-पुरीलाही. ती सुटीत, पानं वाढून. सिनेमा चालू असताना केळीचे वेफर, मुरमुऱ्याचा भत्ता, गोडी शेव असं एका हाताने, न बघता खाता येईल ते. बिबड्या (ज्वारीचे पापड) लढाईसाठी राखून ठेवा, शांत प्रसंगात चौघींनी कुरकुर केली की संवाद जातो. पहिल्यांदाच बघणार असाल तर आमचं स्पष्ट मत: चित्रगृहाची आवृत्ती आणि तीन सलग संध्याकाळी.

घरी पॉपकॉर्न करतो, निम्मे दाणे तसेच राहतात. उन्हाळ्यात तर जास्तच.
— गृहिणी, पारोळा

दाणा फुटतो तो आतल्या ओलाव्याची वाफ होऊन. १३-१४ टक्के ओलावा हवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या पिशवीतले दाणे वाळतात, आत वाफच धरत नाही. अर्धा किलो दाण्यांना दोन लहान चमचे पाणी घालून बरणी घट्ट लावा, चांगली हलवा, दिवसातून दोनदा पुन्हा हलवा आणि दोन-तीन दिवसांनी थोडे करून बघा. मका पॉपकॉर्नचाच हवा, साधा फुटणार नाही.

शंभर ग्रॅम दाण्यांना तीन मोठे चमचे तेल आणि चार-पाच लिटरचं जाड बुडाचं पातेलं. आधी तेलात तीन दाणे टाका. तिन्ही फुटले की बाकीचे घाला, झाकण किंचित तिरपं ठेवा. घट्ट झाकलं की वाफ आत कोंडते आणि लाह्या चिवट होतात. दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडू लागलं की उतरवा. मीठ मिक्सरमधून बारीक करून वरून घाला, जाडं मीठ तळाशी जाऊन बसतं. ज्वारीच्या लाह्या करायच्या असतील तर लाह्यांची ज्वारी वेगळी मागून घ्या. गरम पाण्याचा हबका मारून रात्रभर फडक्यात बांधा आणि कोरड्या, चांगल्या तापलेल्या कढईत मूठ-मूठ टाका.

धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर. वडिलांनी जमवलेल्या जुन्या अद्‌भुत कादंबऱ्यांना कसर लागली आहे आणि भिंतीच्या बाजूला वाळवीची माती दिसते. उन्हात ठेवू का?
— शेतकरी, एरंडोल

कडक उन्हात नको. एप्रिलच्या उन्हात जुना कागद पिवळा पडून कडकतो आणि पुठ्ठ्याचा डिंक तडकतो, पानं सुटी होतात. सावलीत, वारा लागेल अशा ओट्यावर पुस्तकं उभी उघडून तासभर ठेवा आणि मऊ कोरड्या ब्रशने शिवणीतली धूळ बाहेरच्या दिशेने झाडा.

कसरीला सगळ्यात खात्रीचा उपाय थंडी. पुस्तक प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या. लगेच उघडलीत तर बाहेरच्या हवेतलं पाणी गार कागदावर जमतं. हा उपाय उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्येच पुरा लागू पडतो. एकदारी छोट्या फ्रिजचा कप्पा तेवढा गार होत नसेल तर डीप फ्रीझर असलेल्या ओळखीच्या घरी द्या. नंतर फळीवर वेखंडाची पूड पुरचुंडीत बांधून ठेवा. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, ओला पाला बुरशी आणतो.

वाळवीचं काम आज करा. ती भिंतीतून येते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर घ्या. मग मागची भिंत दिसते आणि मातीची नळी आली की कळते. पण नुसती नळी पुसून वाळवी जात नाही. वारूळ घराखाली किंवा भिंतीत असतं, त्यावर औषध मारणाऱ्या माणसालाच बोलवावं लागेल. धाब्यातून माती झिरपते, तेव्हा कपाटाच्या माथ्यावर जाड कापड टाका. पावसाळ्यात गळती बघून ते काढा, कारण ओलं कापड पुस्तकांवर राहिलं तर कोरड्या मातीपेक्षा वाईट. आणि ज्या कादंबऱ्यांची पानं हात लावताच तुटतात त्या शिवायला देण्याआधी मोबाइलवर पानापानाचे फोटो काढून ठेवा.

रात्री वाचताना डोळे चुरचुरतात. दिवा कसा हवा?
— निवृत्त परिचारिका, नंदुरबार

नऊ वॉटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा (डब्यावर ३००० के लिहिलेला), डाव्या खांद्याच्या मागून, पानापासून हातभर अंतरावर. खोलीतला दुसरा मंद दिवाही चालू ठेवा. उजळ पान आणि भोवती काळोख यांच्यात डोळे सारखे जुळवून घेत राहतात आणि थकतात. पुस्तक ३५ ते ४० सेंटिमीटरवर. कूलरची किंवा पंख्याची हवा थेट तोंडावर नको, चुरचुरण्याचं खरं कारण आपल्याकडे बहुतेक वेळा तेच असतं. वाचनात बुडालं की पापण्या कमी लवतात आणि वाऱ्यानं डोळा वाळतो. खाट हवेच्या झोतातून हलवा आणि आठवडाभर बघा. तरीही चुरचुर राहिली, किंवा अक्षरं जुळी दिसू लागली, तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.